सर्वेक्षणातील ग्रिड प्रश्न : बेदाण्याच्या हंगामातील वापरानंतरचा अनुभव

तासगाव तालुक्यातील बेदाणा उत्पादकांच्या आमच्या गटासाठी ऑनलाइन सर्वेक्षणे तयार करण्याचे काम मी गेल्या हंगामापासून करीत आहे. द्राक्षे शेडमधील रॅकवर पडल्यापासून सौद्यानंतरची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) हातात येईपर्यंत सभासदाचा ज्या सेवांशी संबंध येतो, त्या प्रत्येकीबद्दल व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या दुव्यावरून त्याचे मत घ्यावयाचे, असा हा उपक्रम आहे. त्यात मी सर्वाधिक वापरलेला प्रश्नप्रकार म्हणजे ग्रिड : डावीकडे ओळींमध्ये बाबी, वर स्तंभांमध्ये मानांकनाची श्रेणी आणि प्रत्येक ओळीत एक खूण. ग्रिड उपयुक्त आहे, यात मला शंका नाही. परंतु तो विचारणाऱ्याची सोय जितकी पाहतो तितकी उत्तर देणाऱ्याची पाहत नाही, म्हणून तो कोठे वापरावा हे जपून ठरवावे लागते, असे माझे मत झाले आहे.

प्रथम जमेची बाजू. शीतगृहातील माल ठेवण्या-काढण्याची सोय, भाडे, कर्मचाऱ्यांची वागणूक, नोंदींचा चोखपणा या बाबी एकाच जातीच्या आहेत आणि सर्वांना ‘अतिशय असमाधानी’ ते ‘अतिशय समाधानी’ ही एकच श्रेणी नैसर्गिकपणे लागू पडते. अशा ठिकाणी ग्रिडमुळे तोच प्रश्न पुनःपुन्हा वाचावा लागत नाही आणि उत्तरदाता एका बाबीची दुसरीशी तुलना करीत उत्तर देतो. गुगल फॉर्म्समध्ये अशा ग्रिडची प्रत्येक ओळ उत्तरपत्रकात स्वतंत्र स्तंभ होऊन येते, ही मांडणी हिशेबाला सोपी जाते. मात्र तेथे आकडे नव्हे, तर श्रेणीचे शब्द येतात. त्यांचे आकड्यांत रूपांतर आपल्यालाच करावे लागते.

अडचण सुरू होते ती मोबाइलच्या पडद्यावर. आमचे जवळजवळ सर्व सभासद फोनवरच फॉर्म भरतात. श्रेणीचे पाच स्तंभ आणि मराठीतील लांब शब्द एकत्र आले की शेवटचे स्तंभ पडद्याबाहेर जातात, आणि जो पर्याय दिसतच नाही तो निवडला जाण्याची शक्यता अर्थातच घटते. समाधानी बाजू उजवीकडे असेल तर निष्कर्ष अकारण नकारात्मक दिसू शकतो. यावर काही साधनांत उपाय आहे. क्वालट्रिक्स या ऑनलाइन सर्वेक्षण साधनामध्ये लहान पडद्यावर ग्रिडऐवजी एकेक ओळ उघडणारी मांडणी दाखविता येते. तशी सोय नसेल तेथे स्तंभांची नावे एकदोन शब्दांत बसवावीत, आणि ती बसत नसतील तर ग्रिड सोडून स्वतंत्र प्रश्न विचारावेत. फॉर्म पाठविण्यापूर्वी तो गटातील सर्वांत लहान पडद्याच्या फोनवर उघडून पाहणे मी आता अनिवार्य मानतो. संगणकावर तो सुबक दिसतो, याला आमच्या कामात काहीही अर्थ नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. ओळी वाढत गेल्या की काही उत्तरदाते वरपासून खालपर्यंत एकाच स्तंभात खुणा करीत जातात. काम अवघड असेल किंवा उत्साह कमी असेल तर माणूस उत्तम उत्तर शोधण्याऐवजी चालण्यासारखे उत्तर देऊन पुढे जातो, ही मांडणी सर्वेक्षण-पद्धतींचे अभ्यासक जॉन क्रॉसनिक यांनी १९९१ मध्ये सर्वेक्षणांच्या संदर्भात केली, आणि लांब ग्रिड तशा वागणुकीला थेट आमंत्रण देतो. तरीही सरळ रेषेतील प्रत्येक उत्तर टाकून देणे मला अन्याय्य वाटते. शीतगृहाच्या सेवेवर खरोखर सर्वार्थाने समाधानी असलेला शेतकरीही नेमकी तशीच खूण करील. शंका आली तर त्याच सभासदाचे पुढील मोकळे उत्तर वाचावे. तेथे त्याने दोन ओळी मनापासून लिहिल्या असतील, तर वरच्या खुणांवरही विश्वास ठेवावा.

न वाचता एकाच स्तंभात खुणा करणारे उत्तरदाते पकडण्यासाठी काही विधाने उलट, म्हणजे नकारार्थी लिहावीत, असा सल्ला नेहमी दिला जातो. मराठी फॉर्ममध्ये मी त्याच्या विरोधात आहे. ‘पट्टी वेळेवर मिळत नाही’ या विधानाला ‘असहमत’ म्हणणे म्हणजे पट्टी वेळेवर मिळते असे सांगणे. हा दुहेरी नकार शेडवर काम करता करता फोन पाहणाऱ्या माणसाने सोडवावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये सहमतीच्या श्रेणीची पद्धत मांडली, ती विधानांवरून माणसाची मनोवृत्ती मोजण्यासाठी. सेवेचा अनुभव मोजताना सहमतीचा आधार घेण्याची गरज नसते, शिवाय सौम्य स्वभावाची माणसे समोरच्या विधानाला सहज होकार देतात हा धोका राहतोच. त्याऐवजी ‘सौद्यानंतर पट्टी किती दिवसांत मिळाली?’ असे विचारून दिवसांचे पर्याय द्यावेत. वजनातील तुटीबद्दलही ‘तूट योग्य होती’ हे विधान ठेवण्यापेक्षा तूट धरली गेली का आणि किती, हे विचारावे. या दोन बाबी ग्रिडमधून बाहेर काढल्यावर अडत्यांशी बोलताना गटाच्या हाती मतांऐवजी वस्तुस्थिती आली, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या कामातील हा सर्वांत मोठा लाभ आहे.

प्रत्येक ओळीत उत्तर सक्तीचे करण्याची सोय आकर्षक वाटते, परंतु ज्याने शीतगृहात माल ठेवलाच नाही त्याच्यावर ती सक्ती झाली की तो ‘ठीक’ या मधल्या स्तंभात खूण करून सुटका करून घेतो. अनुभव नसणे आणि अनुभव मध्यम असणे या पूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत. म्हणून ‘अनुभव नाही’ हा शेवटचा स्तंभ हवाच, आणि हिशेबात त्याला शून्य न धरता ते उत्तर वगळावे. प्रत्येक स्तंभात एकच उत्तर घेण्याचा पर्याय मात्र बंद ठेवावा, कारण तो चालू केला की मानांकन राहत नाही, क्रमवारी होते. ओळींचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवणे चांगले, कारण शेवटच्या ओळींना नेहमी कमी लक्ष मिळते.

निष्कर्ष सांगताना सरासरी टाळावी. ‘समाधानी’ आणि ‘अतिशय समाधानी’ यांतील अंतर बाकीच्या अंतरांएवढेच आहे, असे कोणीही सिद्ध केलेले नसते. शिवाय निम्मे सभासद खूश आणि निम्मे संतप्त असतील तरी सरासरी मध्यमच येते. बैठकीत मी प्रत्येक स्तंभात किती जण आहेत एवढेच दाखवितो, आणि चर्चा लगेच मुद्द्यावर येते.

ज्येष्ठ सभासदांचा फॉर्म पुष्कळदा मुलगा किंवा सून भरते. त्यामुळे उत्तर कोण देत आहे हा प्रश्न सुरुवातीलाच ठेवावा. प्रत्यक्ष भेटून विचारावयाचे असेल तर ग्रिड वाचून दाखविणे निरर्थक ठरते. शेडवर नेटवर्क नसताना आम्ही कोबोटूलबॉक्स हे इंटरनेटविनाही माहिती भरता येणारे साधन वापरतो, आणि तेथे प्रत्येक बाब स्वतंत्र प्रश्न म्हणूनच ठेवतो.

येत्या हंगामासाठी ग्रिड फक्त शीतगृहाच्या प्रश्नापुरता ठेवला आहे. त्यातील श्रेणीचे शब्द आणि त्यांचा क्रम मात्र जसाच्या तसा राहील. शब्द बदलले तर यंदाच्या आकड्यांची गेल्या वर्षीच्या आकड्यांशी तुलनाच करता येणार नाही, आणि शीतगृहाच्या सेवेत सुधारणा झाली की नाही हे सभासदांना सांगण्याचा आधार उरणार नाही.