वीतभर अँटेनाने घातलेला ९,११० रुपयांचा गंडा

हौशी रेडिओचा परवाना बाळगणाऱ्या आणि तरंगलांबीची गणिते सोडवून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाने असा अनुभव लिहावा, याची मला लाज वाटते. तरीही लिहितो, कारण ती जाहिरात अजून सुरू आहे.

जाहिरात होती मोर्स संकेत पाठवणाऱ्या, खिशात मावणाऱ्या ट्रान्समीटरच्या किटची. ७.०३० मेगाहर्ट्झ, ५ वॅट, १२ व्होल्टची बॅटरी. सुटे भाग आपण जोडायचे आणि हजारो किलोमीटरवर संदेश पाठवायचा. यावर कोणी हसू नये. चाळीस मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, पट्ट्यात ५ वॅटवर पाठवलेले संकेत आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन खरोखरच तेवढे लांब जातात, आणि नुसती वाहक लहर चालू-बंद करणारे यंत्र मूठभर भागांत तयारही होते. मी अशक्य गोष्टीला भुललो असे म्हणणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावे.

किटचे ४,८५० रुपये भरले. मग ‘अँटेना जुळवणीच्या भागाचे’ १,९०० भरले. शेवटी, पार्सल निघण्याच्या आदल्या दिवशी, चाचणी प्रमाणपत्राची ‘परत मिळणारी’ अनामत म्हणून २,३६० भरले. तिसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हाच थांबायला हवे होते, हे वाचणाऱ्याला सहज दिसते; भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र आधीचे ६,७५० रुपये असतात.

पण मला खरे छळते ते जाहिरातीतले छायाचित्र. यंत्र किती आटोपशीर आहे हे दाखवण्यासाठी विक्रेत्याने अँटेनाशेजारी मोजपट्टी ठेवली होती आणि अँटेना १७ सेंटीमीटर होता. ३०० भागिले ७.०३ ही मीटरमधली तरंगलांबी, आणि अँटेना साधारण तिच्या चौथ्या हिस्स्याइतका, म्हणजे सुमारे १०.७ मीटर, हे गणित मी झोपेतही करतो. तरीही आत लोडिंग कॉइल, म्हणजे आखूड अँटेना चालवून घेणारे तारेचे वेटोळे, असेल, अशी माझी समजूत मीच काढली. अँटेनाबद्दल विक्रेत्याला एक शब्दही खोटे बोलावे लागले नाही! खाली मार्कोनीचा दाखला होता, की १२ डिसेंबर १९०१ रोजी त्याने अटलांटिकपलीकडून आलेली तीन टिंबे ऐकली. ती ऐकण्यासाठी त्याने पतंगाला बांधून सुमारे १५० मीटर तार आकाशात चढवली होती, हे जाहिरातीत नव्हते. मला मात्र ठाऊक होते.

किट आले. पिवळ्या टोरॉइडवर, म्हणजे कड्याच्या आकाराच्या चुंबकीय गाभ्यावर, तारेचे २१ वेढे घालायचे होते. शेवटचे दोन वेढे एकमेकांवर चढले, तरी तसेच ठेवले. ‘डाख तपासून देतो, फोटो पाठवा’ असे विक्रेत्याने सांगितले तेव्हा कौतुकच वाटले. मधोमध काळ्या इपॉक्सीत, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या गोंदात, बुजवलेले एक तयार मॉड्यूल होते, ‘पावसापाण्यापासून संरक्षणासाठी’. सोबत तपासणीसाठी छोटा रिसीव्हर होता. या खोलीत मोर्सची कळ दाबली की त्या खोलीत तो पिपाणीसारखा वाजे, आणि त्या आवाजाने माझे दोन दिवस आनंदात गेले. सोबत दिलेला रिसीव्हर हा पुरावा नसतो. सिग्नल आपल्या रेडिओवर ऐकावा.

माझ्या रेडिओवर ७,०३० किलोहर्ट्झला काहीही नव्हते. ५० ओहमच्या डमी लोडवर, म्हणजे चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायच्या रोधकावर, ५ वॅट असतील तर शिखर व्होल्टेज २२ च्या आसपास यायला हवे. मल्टिमीटरचा आकडा जागचा हलला नाही. तेव्हा इपॉक्सी गरम करून खरवडले. आत पत्र्याची गोल चकचकीत डबी, तिच्यावर आर४३३ए. फाटक उघडणाऱ्या रिमोटमध्ये असते तेच ४३३.९२ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल! त्याची पाव तरंगलांबी १७.३ सेंटीमीटर येते, छायाचित्रातल्या अँटेनाएवढीच. माझ्या टोरॉइडपासून निघालेली तांब्याची वाट मॉड्यूलच्या अलीकडेच संपत होती. मी घातलेले २१ वेढे कशालाच जोडलेले नव्हते.

आता दाद मागण्याविषयी. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे व्यवहार वैध आहे. विक्री संकेतस्थळाने सांगितले की वस्तू पोहोचली आहे आणि सील तुम्हीच फोडले आहे. सील फोडल्याशिवाय फसवणूक दिसली कशी असती, या प्रश्नाला तेच उत्तर तीनदा आले. पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, ‘तुम्हाला बिनतारी यंत्र कशाला हवे?’ परवाना दाखवला, तर त्याची छायाप्रत माझ्याच चौकशीसाठी ठेवून घेतली आणि तक्रारीची पोच मागितली तेव्हा साहेब जेवायला गेले होते. परवाना देणाऱ्या कार्यालयाने खरेदी-विक्री आमच्या कक्षेत नाही असे कळवले, त्यासाठी अकरा दिवस घेतले, आणि परवानगीविना प्रक्षेपण करू नये अशी समज मलाच दिली. ज्या यंत्रातून ७.०३० मेगाहर्ट्झवर काही बाहेरच पडत नव्हते, त्याबद्दल!

विक्रेता ‘रिव्हर्स बीकन नेटवर्क’च्या, म्हणजे ऐकू आलेले संकेत आपोआप नोंदवणाऱ्या रिसीव्हरांच्या जाळ्याच्या, नोंदींचे चित्र दाखवत असेल, तर त्यावरचे संकेतनाव, म्हणजे पाठवणाऱ्या केंद्राची ओळख, मागून घ्या आणि ती नोंद स्वतः शोधा, मला पाठवलेल्या चित्रात संकेतनाव ‘गोपनीयतेसाठी’ पुसलेले होते. सर्किटची आकृती आधी मागा. इपॉक्सीत बुजवलेले काहीही घेऊ नका.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात नव्या नावाने आली. छायाचित्र बदलले आहे. त्यातल्या पिवळ्या टोरॉइडवर शेवटचे दोन वेढे एकमेकांवर चढलेले आहेत, आणि सर्किटची पाटी धरलेला अंगठा माझा आहे.