व्हिएन्नात मुक्काम कुठे करावा: स्टेशनजवळचे हॉटेल, जुन्या इमारतीतले अपार्टमेंट आणि एक पेन्शन

व्हिएन्नाला मी आजवर दोनदा गेले आहे. पहिल्या खेपेस आम्ही दोघेच होतो आणि मुख्य रेल्वे स्टेशनाजवळच्या हॉटेलात राहिलो. दुसऱ्या खेपेस आई, बाबा आणि दहा वर्षांची लेक बरोबर होती. तेव्हा सहा रात्रींसाठी एक अपार्टमेंट घेतले, पण दोन रात्रींनंतर ते सोडून उरलेले दिवस एका पेन्शनमध्ये, म्हणजे छोट्या अतिथिगृहात काढले. हे परीक्षण या तीन प्रकारच्या जागांचे आहे. कोणत्याही जागेचे नाव देत नाही, कारण एकेका जागेपेक्षा प्रकार समजून घेण्याचा उपयोग अधिक आहे. आपल्याकडचे बहुतेक प्रवासी नकाशा उघडून शहराच्या मध्यभागच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलपासून खोली किती अंतरावर आहे हे आधी पाहतात. माझ्या मते या शहरात जागा निवडताना त्या अंतराचा उपयोग सर्वांत कमी होतो.

व्हिएन्नाचे एकूण २३ जिल्हे आहेत. मधला पहिला जिल्हा म्हणजे जुने शहर. त्याभोवतीचा तट पाडण्याचा आदेश सम्राट फ्रान्झ योझेफने १८५७ मध्ये दिला आणि त्या जागी रिंगश्ट्रासे हा प्रशस्त रस्ता झाला. त्याच्या बाहेर तीनपासून नऊपर्यंतचे जिल्हे कमानीसारखे पसरले आहेत आणि त्यांच्याही पलीकडून ग्युर्टेल नावाचा, दिवसरात्र वाहनांनी भरलेला दुसरा गोलाकार रस्ता जातो. जागेचा पिनकोड पाहिला की ती कुठे आहे हे लगेच कळते, कारण चार आकड्यांपैकी मधले दोन आकडे जिल्ह्याचे असतात. १०७० म्हणजे सातवा जिल्हा नॉयबाउ, १०८० म्हणजे आठवा योसेफश्टाट आणि ११५० म्हणजे ग्युर्टेलपलीकडचा पंधरावा. जाहिरातीत 'शहराच्या मध्यभागी' असे लिहिलेले असले, तरी विश्वास पिनकोडवरच ठेवावा.

पहिल्या खेपेचे हॉटेल दहाव्या जिल्ह्यात होते. खोली लहान असली तरी स्वच्छ आणि वातानुकूलित होती. विमानतळावरून थेट रेल्वेने पाव तासात स्टेशनात उतरलो आणि सामान ओढत पाच मिनिटांत खोलीवर पोहोचलो. यू-१ या भुयारी रेल्वेने तिथून कॅथेड्रलचा चौक तिसऱ्या थांब्यावर येतो. चित्रकार क्लिम्टचे 'चुंबन' हे चित्र जिथे आहे तो बेल्व्हेडेर राजवाडाही चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ब्राटिस्लाव्हाला एका दिवसात जाऊन येणार असाल किंवा पुढे बुडापेस्ट, प्रागला निघणार असाल, तर या जागेइतकी सोयीची दुसरी नाही. परिसर मात्र नव्या काचेच्या इमारतींचा आहे. संध्याकाळी फिरायला बाहेर पडावे तर आपण नेमके कोणत्या शहरात आहोत याची खूण तिथे फारशी सापडत नाही. दोन-तीन रात्रींसाठी मी ही जागा निःशंकपणे सुचवेन, आठवडाभरासाठी नाही.

अपार्टमेंटची निवड मी फार विचार करून केली होती, म्हणून ती चुकल्याचे दुःखही अधिक झाले. सातवा जिल्हा मला मनापासून आवडतो. छोटी दुकाने, पुस्तकांची दालने, रस्त्यातून हळूच वळणारी ४९ क्रमांकाची ट्राम आणि चालत गाठता येणारा संग्रहालयांचा परिसर, असे सगळे तिथे आहे. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे मी जाहिरातीत दोनच गोष्टी पाहिल्या: 'पहिला मजला' आणि 'लिफ्ट आहे'. दोन्ही खरे होते. पण व्हिएन्नातल्या एकोणिसाव्या शतकातील इमारतींत मजल्यांची मोजणी आपल्यासारखी नसते. तळमजल्यावर 'होखपार्टेर' हा उंच तळमजला असू शकतो, त्यावर 'मेझानीन' हा मधला मजला असू शकतो आणि त्यानंतर कुठे 'पहिला' मजला सुरू होतो. म्हणजे आपल्या हिशेबाने तो दुसरा किंवा तिसरा मजला होतो. लिफ्ट तर या इमारतींत पुष्कळ नंतर, जिथे जागा मिळाली तिथे बसवलेली असते. आमच्या इमारतीत लिफ्टपर्यंत जायला नऊ पायऱ्या होत्या, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबत असल्याने बाहेर पडल्यावर आणखी अकरा पायऱ्या चढाव्या लागत. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीवर येऊन विश्रांती घ्यायचे तिने टाळले आणि संग्रहालयाच्या बाकावर बसून राहिली. ते पाहून माझा निर्णय झाला.

जेवणाचीही तीच गत झाली. आम्ही पोहोचलो ते शनिवारी संध्याकाळी सातला. ऑस्ट्रियात शनिवारी सहाला दुकाने बंद होतात आणि रविवारी मोठ्या स्टेशनांतली काही दुकाने वगळता किराणा मिळत नाही, हे मला ठाऊक असूनही मी विमानाची वेळ त्या हिशेबाने पाहिली नव्हती. तांदूळ, मूगडाळ आणि छोटा कुकर आम्ही पुण्याहून नेले होते, पण तिथली शेगडी इंडक्शनची निघाली आणि आमचा कुकर ॲल्युमिनियमचा होता. इंडक्शनवर साधे ॲल्युमिनियम तापत नाही. शेवटी तिथल्याच स्टीलच्या पातेल्यात खिचडी शिजवली, ती चांगलीही झाली. तरी कुकर नेणाऱ्यांनी शेगडी कोणती आहे हे मालकाला आधीच विचारावे, किंवा तळाला चुंबक चिकटणारे भांडे न्यावे.

या अपार्टमेंटची एक बाजू खरोखर चांगली होती आणि ती नोंदवली पाहिजे. तिथल्या जुन्या घरांत शौचालय आणि न्हाणीघर पुष्कळदा वेगवेगळे असते. पाच माणसांच्या कुटुंबाची सकाळ त्यामुळे किती सुखाची होते हे सांगायला नको. मात्र न्हाणीघराच्या फरशीला पाणी वाहून जायला जाळी नव्हती, त्यामुळे बादलीने अंघोळ करण्याची सवय असलेल्या बाबांना टबाच्या आत उभे राहून सांभाळून अंघोळ करावी लागली. टबाची उंच कड ओलांडणे वयस्कर माणसांना धोक्याचे असते, तेव्हा खोलीच्या फोटोंइतकेच लक्ष न्हाणीघराच्या फोटोंकडेही द्यावे.

उरलेल्या चार रात्रींचे पैसे आम्हाला परत मिळाले नाहीत, कारण आरक्षणाची अट तशीच होती. युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून आपण घाईने आरक्षण करतो आणि स्वस्त पडते म्हणून रद्द न होणारे घेतो. थोडे अधिक पैसे मोजून रद्द करता येणारे आरक्षणच घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. आणखी एक बाब आहे. १ जुलै २०२४ पासून व्हिएन्नात राहते घर पर्यटकांना वर्षातून ९० दिवसांपेक्षा जास्त भाड्याने द्यायचे असेल, तर विशेष परवानगी लागते. राहायला घरे अपुरी पडत असलेल्या शहराने केलेला हा नियम मला योग्य वाटतो. शहराचा स्थानिक कर आणि सफाईचे शुल्क दाखवलेल्या दरात धरले आहे की नाही, तेही पैसे भरण्याआधी पाहावे.

पेन्शन हा शब्द आपल्याकडे निवृत्तिवेतनासाठी वापरला जातो, पण व्हिएन्नात त्याचा अर्थ जुन्या इमारतीच्या एक-दोन मजल्यांवर चालवलेले छोटे अतिथिगृह असा आहे. आमचे पेन्शन योसेफश्टाटमध्ये होते. आरक्षणापूर्वी मी फोन करून तीनच प्रश्न विचारले: रस्त्यावरच्या दारापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, लिफ्टपासून खोलीपर्यंत किती आहेत, आणि खोली रस्त्याकडे उघडते की आतल्या चौकाकडे. पलीकडच्या बाईंनी मला थांबायला सांगितले, स्वतः जाऊन पायऱ्या मोजल्या आणि एकूण दोन असल्याचे सांगितले. शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. छत उंच, जमीन लाकडी, आणि खिडक्यांना मध्ये हातभर पोकळी ठेवून बसवलेली दुहेरी तावदाने. चौकात एक मोठे झाड होते आणि पहाटे पक्ष्यांखेरीज कसलाही आवाज येत नसे. न्याहारीला गोल पाव, चीज, जर्दाळूचा मुरंबा, दही, फळे आणि उकडलेली अंडी असत. आई-बाबा अंडी खात नाहीत हे एकदा सांगितल्यावर त्यांच्या ताटलीत न मागता जास्तीचे चीज येऊ लागले. नळाचे पाणी खुशाल प्या, असे त्याच बाईंनी सांगितले. आल्प्समधले झऱ्याचे पाणी १८७३ पासून नळाने या शहरात येते, त्यामुळे आम्ही बाटल्या विकत घेणे पहिल्याच दिवशी थांबवले.

तिथे उणिवाही होत्या. स्वयंपाकघर नव्हते, स्वागतकक्ष रात्री बंद होत असे आणि उशिरा येणाऱ्याला आधी कळवून किल्लीची व्यवस्था करून घ्यावी लागे. वातानुकूलन नव्हते. व्हिएन्नात जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जाऊ शकतो आणि जुन्या इमारतींच्या भिंती जाड असल्या तरी वरच्या मजल्यांवरच्या खोल्या तापतात. आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस होतो म्हणून काही वाटले नाही, पण भर उन्हाळ्यात वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी खोली थंड ठेवण्याची सोय लेखी विचारून घ्यावी. ग्युर्टेलला लागून असलेल्या जागा स्वस्त मिळतात, पण तिथे रस्त्याकडची खोली घेऊ नये. खालून वाहने जातात आणि कमानींवरून यू-६ ही रेल्वे धावते, त्यामुळे खिडकी उघडली की झोप लागत नाही.

ट्रामचा थांबा मात्र पेन्शनच्या दारापासून शंभर पावलांवर होता. तिथल्या बहुतेक ट्रामचा तळ जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असतो, त्यामुळे आईला कोणाचा हात धरावा लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आवरून खाली आलो, तेव्हा ती आणि लेक दोघीच रिंगश्ट्रासेपर्यंत एक फेरी मारून परतल्या होत्या आणि दोन क्रमांकाच्या ट्रामचे सगळे थांबे लेकीला तोंडपाठ झाले होते.