जुकी १५४१ एस : वेग विसरून विकत घ्यावे असे चामड्याचे मशीन

श्रावणातल्या पोळ्यासाठी घुंगुरमाळांचे पट्टे आणि म्होरक्या, मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेसाठी घोड्यांचे लगाम व तंग, आणि उरलेल्या वर्षात कमरपट्टे व खांद्याच्या पिशव्या, असे मिश्र काम नांदेडमधल्या आमच्या लहानशा कारखान्यात चालते. या कामासाठी घेतलेल्या जुकी कंपनीच्या डीएनयू-१५४१ एस या मशीनचे हे परीक्षण आहे. ज्यांचे चामडे दोन थर मिळून तीन मिलिमीटरच्या आत राहते, त्यांना या मशीनची गरज बहुधा पडणार नाही. ज्यांच्या हाताखाली म्हशीचे कातडे येते, त्यांच्यासाठी मात्र पुढचे सगळे लिहिले आहे.

साध्या शिलाई मशीनमध्ये माल पुढे सरकवण्याचे काम फक्त खालचे दाते करतात आणि वरचा फूट नुसता दाबून धरतो. कापड निसरडे व हलके असल्याने ते निभावून जाते, पण चामडे फुटाला चिकटते, वरचा थर मागे राहतो, आणि हातभर लांबीचा पट्टा शिवून होईपर्यंत वरच्या व खालच्या टोकांत बोटभर फरक पडतो. १५४१ मध्ये खालचे दाते, सुई आणि आतला फूट हे तिघे एकाच वेळी, एकाच दिशेला सरकतात. सुई चामड्यात रुतलेली असतानाच माल पुढे जातो, त्यामुळे थरांना एकमेकांवर घसरायला वाव राहत नाही. घुंगुरमाळेचा पट्टा शिवताना हे अगदी जवळून पाहता येते. जिथे कडी अडकवण्यासाठी पट्टा दुमडलेला असतो, तिथे जाडी चार मिलिमीटरवरून एकदम आठावर जाते. आतला फूट त्या पायरीवर चढतो, बाहेरचा फूट खालीच थांबून मागची बाजू धरून ठेवतो, पुढच्या टाक्याला तोही वर येतो, आणि टाक्याची लांबी पायरीवर कमी होत नाही. दोन्ही फूट आळीपाळीने किती उचलायचे ते डायलवर ठरवता येते, १ पासून ६.५ मिलिमीटरपर्यंत. सपाट पट्ट्याला ती उचल कमी ठेवावी, म्हणजे मशीन शांत चालते. दुमडीच्या कामाला वाढवावी, नाहीतर फूट पायरीला अडतो आणि एकाच भोकात दोन-तीन टाके पडतात.

कंपनीच्या माहितीपत्रकात मिनिटाला २,५०० टाके, ९ मिलिमीटरपर्यंत टाका आणि गुडघ्याच्या लिव्हरने १६ मिलिमीटरपर्यंत फूट उचलण्याची सोय असे आकडे दिलेले असतात. यांतला पहिला आकडा चर्मकाराने वाचून सोडून द्यावा. त्या वेगाने चामड्यात फिरणारी सुई इतकी तापते की नायलॉनचा धागा तिच्या नाक्यात मऊ होऊन तुटतो, आणि कोपरा येण्याआधीच शिलाई कोपऱ्यापलीकडे गेलेली असते. कापडातली चुकलेली शिवण उसवता येते, चामड्यात पडलेले भोक कायमचे राहते. म्हणूनच या मशीनची खरी किंमत ते किती सावकाश चालू शकते यावर ठरते, आणि ती गोष्ट मशीनपेक्षा टेबलाखालच्या मोटरवर अवलंबून असते.

आमचे मशीन ज्या विक्रेत्याने बसवून दिले, त्याने त्याला साधी क्लच मोटर, म्हणजे सतत पूर्ण वेगाने फिरणारी आणि पायडल दाबले की मशीनला जोडली जाणारी मोटर, लावली होती आणि तक्रार केल्यावर "पायाला सवय होईल" एवढेच उत्तर दिले. हिशोब मांडला की सवयीचा प्रश्न उरत नाही. चार पोलची क्लच मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते. तिची पुली ८० मिलिमीटरची आणि मशीनच्या चाकाची पुली १२० मिलिमीटरची धरली, तर मिनिटाला ९६० टाके पडतात, म्हणजे सेकंदाला सोळा. चार मिलिमीटरच्या टाक्याने एका सेकंदात जवळजवळ साडेसहा सेंटिमीटर पट्टा सुईखालून निघून जातो. मोटरची पुली बदलून ५० मिलिमीटरची बसवली तरी सेकंदाला दहा टाके उरतातच. क्लच अर्धवट दाबून वेग आवरता येतो हे खरे, पण ते कसब वर्षानुवर्षांच्या कारागिराचे आहे, नव्या पोराला ते लगेच जमत नाही. सर्वो मोटर बसवल्यावर वरची मर्यादा मिनिटाला तीनशे टाक्यांवर बांधून टाकता येते आणि पायडल हलके दाबले तर एकेक टाका मोजून घेता येतो. एक अडचण त्यातही आहे. स्वस्त सर्वो मोटर अगदी कमी वेगावर ताकद सोडते, त्यामुळे जाड दुमडीवर सुई अर्ध्यात थांबते आणि हाताने चाक फिरवावे लागते. यावर उपाय म्हणजे मोटर आणि मशीन यांच्यामध्ये एक मोठी आणि एक लहान पुली असलेला आस बसवणे. तीनास एक असे प्रमाण ठेवले, तर घर्षणात जाणारी वजा करूनही सुईवर जवळजवळ तिप्पट ताकद मिळते आणि वेग तेवढाच उतरतो. हे काम गावातला लेथवाला करून देतो. मशीन विकत घेताना मोटरचा खर्च वेगळा धरावा आणि क्लच मोटर नको हे पावती फाडण्याआधी सांगावे.

सर्वो मोटरला विजेचा दाब स्थिर लागतो. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी दाब इतका उतरतो की कंट्रोल बॉक्स चूक दाखवून थांबतो, म्हणून चांगला स्टॅबिलायझर घेणे ही चैन नाही. वीज गेली तरी हातचाकाने काम पुरे करता येते, आणि खरे सांगायचे तर पट्ट्याची टोके मी वीज असतानाही चाकानेच शिवतो.

सुईबाबत दुकानांत फार गोंधळ आढळतो. या मशीनला १३५×१७ या जातीची सुई लागते, पण तिचे टोक गोल असते आणि ते कापड, रेक्झिन, ताडपत्री यांच्यासाठी असते. चामड्यासाठी त्याच लांबीची १३५×१६ ही सुई मिळते, तिचे टोक पात्यासारखे कापणारे असते. गोल टोकाची सुई म्हशीच्या कातड्यातून वाट काढताना ते बाजूला ढकलते, भोकाभोवती उंचवटा येतो आणि सुई वाकून हूकला, म्हणजे खाली सुईच्या धाग्याचा फास पकडणाऱ्या भागाला, घासते. कापणाऱ्या टोकांतही प्रकार आहेत: पाते शिवणीच्या दिशेत असेल तर टाका सरळ रेषेत बसतो पण भोकांमधले चामडे कमी उरते, तिरके असेल तर टाक्याला सुबक तिरपेपणा येतो. पिशव्यांना तिरका टाका शोभतो. ताण येणाऱ्या पट्ट्यांना मी टाका पाच मिलिमीटरपेक्षा लहान ठेवत नाही, कारण कापणाऱ्या सुईचे बारीक टाके म्हणजे टपाल तिकिटांमधली छिद्रांची ओळ, आणि चामडे फाटते ते बरोबर तिथूनच.

धागा बॉन्डेड, म्हणजे तंतू चिकटवून एकजीव केलेल्या नायलॉनचा घ्यावा. टेक्स हे धाग्याच्या जाडीचे माप आहे, आकडा मोठा तितका धागा जाड. शेळीच्या पातळ चामड्याच्या पाकिटाला टेक्स ७० धागा आणि १८ नंबरची सुई, पिशवी व कमरपट्ट्याला टेक्स १३५ आणि २२ नंबर, तंगासारख्या जड कामाला टेक्स २१० आणि २३ नंबर, अशी जोडी आम्ही ठेवली आहे. टेक्स २१० वर आणि खाली दोन्हीकडे भरला की या मशीनच्या क्षमतेचा काठ गाठला जातो. बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळात, एक पायरी पातळ धागा भरला तर गाठ आत ओढायला सोपी जाते. धाग्याचा कोन आणि त्यावरची कडी नेमक्या एका उभ्या रेषेत हवीत. नायलॉनला जन्मतःच पीळ असतो, कोन तिरका ठेवला की तो सुटताना फास घेतो, आणि मग दोष टेन्शनला दिला जातो.

टेन्शन लावताना सुरुवात नेहमी खालून करावी. बॉबिन केसच्या पट्टीचा स्क्रू असा ठेवावा की धागा हाताने ओढला तर सलग पण किंचित अडून येईल. त्यानंतर त्याला हात लावू नये आणि पुढचा मेळ वरच्या चकत्यांवर घालावा. गाठ जाडीच्या बरोबर मधोमध लपली पाहिजे. खालच्या बाजूला धाग्याचे मणी दिसले तर वरचे टेन्शन वाढवावे, वरच्या बाजूला दिसले तर कमी करावे. चाचणी त्याच चामड्याच्या, तेवढ्याच थरांच्या तुकड्यावर घ्यावी. दोन मिलिमीटरच्या कातरणावर बसवलेले टेन्शन आठ मिलिमीटरच्या दुमडीवर टिकत नाही, कारण जाडीत गाठ ओढून घ्यायला जास्त जोर लागतो.

मशीन टाका सोडू लागले की बहुतेक कारागीर लगेच हूक खोलायला बसतात. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: सुई वाकली आहे का, ती पूर्ण वरपर्यंत बसली आहे का, आणि तिच्या नाक्याजवळच्या खोलगट खाचेची बाजू बरोबर उजवीकडे आहे का. मोठ्या नंबरची सुई काढून लहान घातली असेल तर हूकचे टोक आणि सुई यांच्यातले अंतर आपोआप वाढते आणि टाका सुटतो. २२ नंबरवर बसवलेल्या मशीनमध्ये १८ नंबरने पाकिटे शिवायला घेतली की ही तक्रार हमखास येते. हूकचे टायमिंग बघायचेच झाले तर रीत अशी: सुई अगदी खालच्या टोकाला नेऊन तिथून दोन ते अडीच मिलिमीटर वर आणावी, त्या क्षणी हूकचे टोक सुईच्या मध्याशी आणि नाक्याच्या थोडे वर यायला हवे, सुईला जवळजवळ टेकलेले, पण न घासणारे. कोपऱ्यावर वळतानाही हेच ध्यानात ठेवावे. सुई तळाला जाऊन किंचित वर उठू द्यावी, म्हणजे हूकने फास पकडलेला असतो. मग गुडघ्याने फूट उचलून माल फिरवला तर कोपऱ्यावरचा टाका सुटत नाही.

नावातल्या 'एस' या अक्षरासाठी जास्त पैसे द्यावेत का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर स्पष्ट होय असे आहे. धागा अडकून हूक जाम झाला की या प्रकारात सुरक्षा क्लच सुटतो आणि हूक व टायमिंग वाचते. धाग्याचा गुंता काढून, मशीनच्या पाटावरचे बटण दाबून धरत चाक जोराने उलटे फिरवले की खट् असा आवाज येऊन ते पुन्हा जोडले जाते. 'एस' नसलेल्या मशीनमध्ये तोच प्रसंग आला तर मेकॅनिकची वाट पाहावी लागते, आणि पोळा तोंडावर असताना हैदराबादहून मेकॅनिक बोलावणे किती महाग पडते ते आमच्या भागातल्या कारखानदारांना सांगायला नको.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. फुटाला आणि दात्यांना खाचा असल्याने बाभळीच्या सालीत कमावलेल्या मऊ चामड्यावर त्यांचे वळ उठतात. फुटाचा दाब कमी करून आणि गुळगुळीत फूट बसवून वरचे वळ जातात, खालचे मात्र थोडे राहतातच, म्हणून दर्शनी बाजू नेहमी वर ठेवावी लागते. दुसरे असे की हे सपाट पाटाचे मशीन आहे. तयार पिशवीचा तळ, बुटाचा वरचा भाग किंवा नळीसारखे काही यावर शिवता येत नाही. त्यासाठी जुने सिंगर २९ के, म्हणजे बाजारातले मोची मशीन, आजही आमच्याकडे कोपऱ्यात उभे आहे. त्याचा लांब अरुंद हात बुटाच्या टोकापर्यंत जातो आणि फूट कोणत्याही दिशेला फिरवून शिवता येते, पण बॉबिन इवलेसे असल्याने लांब पट्ट्याला ते कामाचे नाही. दोन्ही मशीन एकमेकांची जागा घेत नाहीत.

रिकिबीचा, म्हणजे स्वाराच्या पाय ठेवण्याच्या कडीचा पट्टा मात्र मी दोन्हींवर शिवत नाही. मशीनचा टाका वरच्या आणि खालच्या धाग्याच्या गाठीवर उभा असतो, एका जागी तुटला की शेजारचे टाके सैल होत जातात. आरीने भोक पाडून दोन सुयांनी घातलेल्या हाताच्या टाक्यात दोन्ही धागे प्रत्येक भोकातून आरपार जातात, त्यामुळे एक झिजला तरी दुसरा धरून राहतो. स्वाराचे सगळे वजन ज्या पट्ट्यावर येते, तिथे वेळ वाचवू नये.

ऋतूंचा परिणामही सोसावा लागतो. वैशाखात चामडे इतके वाळते की सुई टाक्यागणिक आवाज करते; पट्टा शिवण्याआधी आतल्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून घेतला तर टाका नीट आत बसतो. श्रावणात उलट, दमट चामडे ताणले जाते आणि रात्रभर मशीनमध्ये राहिलेली सुई गंजते, म्हणून संध्याकाळी ती काढून तेलाच्या फडक्यात ठेवावी. तेलाच्या छिद्रांत रोज एकेक थेंब, आणि हूकभोवती साचलेला चामड्याचा भुगा ब्रशने काढणे, एवढी निगा त्याला पुरते.

जुने मशीन घेणाऱ्यांनी विक्रेत्याच्या कापडावरची चाचणी मान्य करू नये. आपले चामडे, आपला धागा आणि नवी १३५×१६ सुई बरोबर न्यावी, दुमडलेल्या जाडीवर अगदी सावकाश हातभर शिवून पाहावे, सुईचा दांडा हाताने पुढे-मागे हलवून ढिलाई तपासावी, हूकच्या टोकावर ओरखडे आहेत का ते बॅटरीच्या उजेडात पाहावे, आणि पाटीवर १५४१ पुढे 'एस' कोरलेला आहे की नुसता तोंडी सांगितला जातो आहे, हे स्वतः वाचूनच पैसे मोजावेत.