व्हीओ-बाईट की जागेवरचा आवाज?

समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या कोल्हापुरी चप्पल कारागिरांवर टीव्हीसाठी तीन मिनिटांचं फीचर करायचंय. कॅमेरा एक, दिवस एक. रस्ते दोन. नेहमीचं पॅकेज, म्हणजे आपला व्हीओ (दृश्यांवर वाचलेलं निवेदन), मध्ये दोन-तीन बाईट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे), शेवटी पीटूसी (बातमीदाराने कॅमेऱ्याकडे बघून बोलणं). नाहीतर निवेदन जवळजवळ काढून टाकायचं आणि कारागिराच्या बोलण्यावर, हातोडीच्या ठोक्यांवर गोष्ट चालवायची.

व्हीओ माहिती भराभर उरकतो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांना. चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले, त्यात बेळगाव. दहा-बारा सेकंदांत सांगून मोकळे. कारागिराच्या तोंडून हेच वदवायला अर्धा तास जाईल. विषय सीमाप्रश्नाचा, म्हणजे १ नोव्हेंबरचा काळा दिन किंवा १७ जानेवारीचा हुतात्मा दिन असेल तर मी दुसऱ्या पद्धतीचा विचारही करत नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन अहवाल, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा, हे नुसत्या घोषणांच्या आवाजातून कुणाला कळणार?

चपलेचं तसं नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, त्यावर चालणारी रापी (कातडं कापायचं हत्यार), ठोकणं, मग चामड्याच्याच वादीने शिवण. कामालाच क्रम आहे. हात जवळून, चेहरा, खांद्यावरून, मग लांबून; प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता घेतला की निवेदन मागायला कुणी येत नाही. मात्र अर्धा दिवस नुसता बसण्यात जातो, कॉलर माईक लागतोच, आणि नेमक्या वेळी गल्लीतून डीजे जातो. पाच वाजता ऑफिसातल्या संपादन डेस्कचा फोन येणार असेल तर नादी लागू नका.

आपल्या सीमाभागात खरा फरक भाषेने पडतो. तिकडे माणूस वाक्य मराठीत सुरू करतो आणि कन्नडमध्ये संपवतो. पॅकेजमध्ये त्यावर पुण्या-मुंबईच्या मराठीचं डबिंग चढतं. मराठीत बोलला तरी सुटका नाही. माझ्या एका स्टोरीत एक मामा म्हणाले, “चप्पल कोल्हापुरी खरं, करणारे आम्ही हितले.” आपल्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. डेस्कला ते कोण सांगणार? व्हीओत बसावा म्हणून त्यांनी बाईट ‘खरं’वर कापला. पडद्यावर मामा चप्पल कोल्हापूरचीच असल्याची ग्वाही देऊन गप्प! पुढे चार दिवस मी ती गल्ली टाळली.

दुसऱ्या पद्धतीत ते वाक्य अख्खं राहिलं असतं, कारण गोष्टच त्यावर उभी असते. कन्नड आलं तर खाली सबटायटल द्यायचं, आवाज झाकायचा नाही.

म्हणून चपलेसाठी मी जागेवरचा आवाजच निवडेन. मानांकन, आठ जिल्हे वगैरे अँकर लीडमध्ये, म्हणजे स्टोरीआधी स्टुडिओतला अँकर वाचतो त्यात, ढकलायचं. व्हीओ दोन वाक्यांपुरता. पीटूसी नकोच, चॅनलने हट्ट धरला तर तिथेच, कारागिराशेजारी बसून करा. बेळगावचं सुवर्णसौध (कर्नाटकाचं विधानभवन) मागे घेऊन उभं राहायची आपल्याला खोडच लागलीय, आणि अथणीच्या चपलेचा त्याच्याशी काय संबंध?

फीड, म्हणजे शूट केलेले शॉट, पाठवताना बाईटचा मजकूर शब्दशः लिहून सोबत द्या. ‘खरं’ आला की शेजारी कंसात ‘पण’ लिहा.