पहिला शो: क्रॉस पोल की ६० सेंटीमीटर?

थंडी पडली की नागपुरात घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांच्या घरी हा विषय निघतोच. पहिल्या शोला, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेला, नाव क्रॉस पोलच्या गटात द्यायचं की ६० सेंटीमीटर उंचीच्या? माझं मत आधीच सांगते. आकड्यावर जाऊ नका, त्या गटात अडथळे कसे लावणार आहेत ते विचारा.

क्रॉस पोलमध्ये दोन दांडे फुलीसारखे लावतात, मध्ये खाली आणि कडेला उंच. त्यामुळे घोडा आपोआप मधोमध येतो, ट्रॉटमधूनही, म्हणजे दुडक्या चालीतूनही, अडथळा पार होतो. वळण जरा चुकलं तरी मुलाला सावरायला वेळ मिळतो.

६० सेंटीमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर. घोड्याला ही उंची काहीच नाही, पण त्या गटात बाकीचं बरंच बदलू शकतं. व्हर्टिकलसोबत, म्हणजे एकाच सरळ उभ्या अडथळ्यासोबत, ऑक्सर येतो: पुढेमागे लावलेले दांडे, म्हणजे उंचीला रुंदीची जोड. उड्या कँटरमध्ये, म्हणजे ट्रॉटपेक्षा वेगवान चालीत, एकामागून एक येतात. आणि फिलर येतात! दांड्याखाली ठेवलेल्या रंगीत फळ्या, कुंड्या, प्रायोजकाचा फडफडणारा बॅनर. रोज साध्या दांड्यांवरून ८० सेंटीमीटर सहज मारणारा घोडा नेमका अशा ६० समोर पाय रोवून उभा राहतो, आणि मूल मानेवर येतं. घोड्याला लाल आणि हिरव्यातला फरक आपल्यासारखा कळत नाही, हेही लक्षात असू द्या. हिरवळीवरचा लाल दांडा आपल्याला उठून दिसतो, त्याला तितका नाही. पायथ्याशी पांढरा दांडा टाकलेला असेल तर उडी कुठून घ्यायची ते त्याला ठरवता येतं. सरावात दांड्याखाली ताडपत्री, रिकामी पोती, जुना फ्लेक्स असं काहीबाही रोज बदलून ठेवा. उंची वाढवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आता दोषगुण. दांडा पाडला की ४, घोडा पहिल्यांदा थांबला की ४. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा थांबला की फेरी संपली, स्वार पडला तरी संपली. नवशिक्यांच्या गटात आयोजक कधी यात सूट देतात. नाव देतानाच विचारून घ्या. दुसऱ्या अडथळ्यावर बाद झालेलं मूल जेमतेम एक उडी मारून घरी येतं, त्यातून ते शिकणार काय?

घोडा कोणता आहे यावरही निर्णय फिरतो. आपल्याकडे शिकवायला पुष्कळदा रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. त्यांची ढांग लांब असते, आणि काही जण क्रॉस पोलवर उगाच घाई करतात. अशा घोड्यावर बसणारं मूल पक्कं असेल तर ६० मध्ये उलट जास्त शांत फेरी होऊ शकते. पोनीचं, म्हणजे लहान चणीच्या घोड्याचं, उलटं. मोठ्या घोड्याच्या हिशेबाने एका ढांगेचा डबल, म्हणजे मध्ये एकच ढांग बसेल असे लागोपाठ दोन अडथळे, साधारण सात मीटरवर लावतात. त्यात पोनीला कधी ओढून उडी घ्यावी लागते, कधी एक ढांग जास्त घ्यावी लागते. फेरीआधी अडथळ्यांचा मार्ग चालत बघतात, त्या कोर्स वॉकला मुलासोबत हे अंतर पावलांनी मोजा. जमीनही पायाने चाचपून बघा. आपली काळी माती ओली असली की चिकटते, वाळली की दगड होते. वरचा रेतीचा थर पातळ असेल तर वळणावर घोडा घसरतो.

माझा नियम असा: त्याच घोड्यावर, फिलरसकट, ७० ते ७५ सेंटीमीटरचा पूर्ण कोर्स सरावात शांतपणे होत असेल तरच ६०. नाही तर क्रॉस पोल, मग मूल बारा वर्षांचं असो की सोळा. वर्गातले सगळे ६० ला उतरतायत म्हणून तर मुळीच नाही.

मुलाला बक्षिसाच्या रिबनचं सांगू नका. सगळे अडथळे ओलांडून, शेवटच्या उडीनंतरही घोडा हातात ठेवून बाहेर यायचं, एवढंच काम द्या. आयोजक परवानगी देत असतील तर दोन्ही गटांत नाव द्या: क्रॉस पोल आधी, ६० नंतर. पहिली फेरी ओढाताणीची झाली तर दुसरीत उतरवू नका, भरलेली फी जाऊ द्या.