खाऱ्या वाऱ्यात गाडी जपताना : प्रेशर वॉशर आणि गंजरोधक लेपाचा सोळा महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी १,५०० वॅटचा घरगुती प्रेशर वॉशर, त्याला जोडायची फेसाची बाटली, गाडीचा सौम्य शाम्पू, रंगावर लावायचे सीलंट आणि गाडीच्या पोटाला मारायचा मेणयुक्त गंजरोधक स्प्रे असा सगळा सरंजाम एकदमच विकत घेतला. खर्च साडेतेरा हजारांच्या आसपास आला. गाडी २०१७ सालची पेट्रोलवरची हॅचबॅक आहे. आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्राची गाज अंथरुणात ऐकू येईल इतक्या अंतरावर आहे आणि गाडी आंब्याच्या कलमांना लागून, बाजूंनी उघड्या असलेल्या पत्र्याच्या शेडखाली उभी असते. आठवड्यातून एकदा कोकम सरबताच्या आणि आमसुलांच्या पेट्या घेऊन मी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरते आणि पुढे दापोली, हर्णै करून संध्याकाळी परतते. या सोळा महिन्यांतली निरीक्षणे लिहीत आहे, कारण दुकानदाराने सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या आमच्याकडे लागू पडल्या नाहीत आणि ज्या लागू पडल्या, त्या त्याने सांगितल्याच नव्हत्या.

हे सगळे सुरू झाले ते माझ्या मावसभावामुळे. तो कॅनडात ओंटारियोमध्ये राहतो. त्या वर्षी गणपतीला आला तेव्हा चहा होण्याआधीच त्याने गाडीखाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "ताई, तुमच्याकडे बर्फ पडत नाही एवढंच, बाकी गाडीचे हाल आमच्यासारखेच आहेत." तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर गोठलेले पाणी वितळावे म्हणून मीठ टाकतात. पॉटमध्ये आइस्क्रीम करताना आपण बर्फावर खडेमीठ घालतो, त्यामागचा गुणधर्म तोच आहे: मिठाचे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. मीठ पुरेसे असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र पारा उणे दहाच्या आसपास गेला की साध्या मिठाचा उपयोग फारसा उरत नाही आणि मग कॅल्शियम क्लोराइडसारखे दुसरे क्षार वापरावे लागतात. हा खारट चिखल चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतो. म्हणून तिकडचे लोक पारा शून्याच्या वर गेलेला दिवस गाठून गाडी धुतात, खालच्या बाजूने पाण्याचा जोर मारतात आणि दारांची रबरे पुसून त्यांना सिलिकॉन लावतात, कारण ओली रबरे गोठली की दार उघडताना फाटतात. त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. कडाक्याच्या थंडीत गंजण्याची क्रिया मंदावते. मीठ लागलेली गाडी न धुता उबदार गॅरेजमध्ये आणून उभी केली की गंजणे पुन्हा वेग घेते.

आपले अख्खे कोकण म्हणजे तसे एक उबदार गॅरेजच आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओलावा ओढून पाघळते, हे स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीकडे पाहून कोणालाही कळेल. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओले राहते. दुपारी खारे वारे ते मीठ पत्र्यावर आणून बसवतात, पहाटे त्यावर दहिवर पडते आणि त्याचा पातळ, खारट थर सकाळी ऊन वर येईपर्यंत तसाच राहतो. पावसाळ्यात निदान पागोळ्यांचे गोडे पाणी वरून वाहते; नोव्हेंबर ते मे या काळात तेही नसते. म्हणून माझे मत असे झाले आहे की, कोकणात गाडी गंजवणारा मुख्य काळ पाऊस नसून हे कोरडे वाटणारे सात महिने आहेत.

प्रेशर वॉशरचा खरा उपयोग गाडीच्या पोटाशी होतो. फेरीबोटीच्या उतारावर भरतीचे पाणी असते, हर्णैच्या रस्त्यावर मासळीच्या टेम्पोंतून वितळलेल्या बर्फाचे खारट पाणी गळत असते आणि ही दोन्ही पाणी चाकांच्या कमानींच्या आत जाऊन बसतात. परतल्यावर त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कमानी, सायलेन्सरच्या बाजूच्या पट्ट्या आणि दारांखालचे पत्रे यांवर दहा मिनिटे पाणी मारते. मिनिटाला सहा-सात लिटर या हिशेबाने साठ-सत्तर लिटर पाणी लागते. वरचा रंग एखादा आठवडा तसाच राहिला तरी मी मनाला लावून घेत नाही.

यंत्राबद्दल तक्रारी आहेत. साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटला ते जोडले तेव्हा पिन इतकी तापली की जळकट वास आला. वायरमनकडून सोळा अँपिअरचे सॉकेट बसवून घेतल्यावर तो प्रश्न मिटला. व्होल्टेज उतरले की मोटार नुसती घुरघुरते, म्हणून संध्याकाळी घरोघरी पंप चालू होण्याआधी काम उरकावे लागते. विहिरीतला तांबडा गाळ आतल्या जाळीत अडकून दोनदा दाब बसला; आता नळीच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधते. तिसरी चूक सर्वस्वी माझी. मागचा बंपर पूर्वी एकदा पुन्हा रंगवलेला होता. त्यावर मी नोझल वीतभर अंतरावरून धरले आणि तळहाताएवढा रंग पापुद्र्यासारखा उडाला. तेव्हापासून हातभर अंतर ठेवते, रेडिएटरच्या जाळीवर थेट धार मारत नाही आणि बॉनेट उघडून आत तर मुळीच नाही. काम झाले की पंपातले उरलेले पाणी काढून टाकावे लागते. भावाच्या गावी ते राहिले तर गोठून पंप फुटतो. आमच्याकडे ते वाळून आत क्षार धरतात आणि व्हॉल्व्ह अडकतो.

पाण्याचा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही, पण किनाऱ्यालगतच्या माणसाला तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मे महिन्यात आमच्या विहिरीचे पाणी मचूळ होते. त्याच पाण्याने मी पहिल्या उन्हाळ्यात मनोभावे गाडी धूत होते, म्हणजे मीठ काढून मीठच लावत होते. काळ्या काचांवर पांढरे डाग उमटू लागले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता एप्रिल-मेमध्ये विहिरीच्या पाण्याने फक्त माती काढते आणि शेवटची धुणी नळाच्या दोन बादल्यांनी करून लगेच मायक्रोफायबरने पुसून घेते.

फेसाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'स्नो फोम' असे लिहिले आहे आणि आमच्या तालुक्यात बर्फ पडायचा तो एवढाच. मुलांना मजा वाटते. जांभ्याची धूळ त्याने सैल होते हे खरे, पण बादलीतल्या शाम्पूने आणि हलक्या हाताने तेच काम होते. पैसे वाचवायचे असतील तर ही बाटली पहिल्यांदा वगळावी.

एका ठिकाणी मात्र फेस कामाला आला, तो मोहोराच्या दिवसांत. डिसेंबर-जानेवारीत कलमांवर तुडतुडे आले की त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड, चिकट रस बारीक तुषारांसारखा गाडीवर पडतो, त्यावर धूळ बसते आणि पुढे काळी बुरशीही धरते. तो कोरडा पुसला तर रंगावर ओरखडे उठतात; फेस मारून पाच मिनिटे भिजू दिला की सहज निघतो. आंब्याचा चीक ही वेगळी गोष्ट आहे. देठ तुटताना उडालेला चीक तासाभरात धुतला तरच ठीक, नाहीतर तो रंगाचा वरचा थर खातो. माझ्या बॉनेटवर त्याचे दोन डाग कायमचे आहेत आणि सीलंट असूनही ते पडले.

सीलंटच्या डब्यावर सहा महिन्यांचा दावा आहे. ऑक्टोबरात लावलेला थर जानेवारीच्या अखेरपर्यंत टिकला. तोवर पाणी मोत्यांसारखे थेंब होऊन घरंगळत होते, नंतर पसरून बसू लागले. मे अखेरीला लावलेला थर श्रावणात संपला. दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस द्यायची तयारी असेल तर घ्यावे. मी पुढच्या वेळी साधे वॅक्स वापरून पाहणार आहे.

पोटाला मारलेल्या मेणयुक्त स्प्रेबद्दल मात्र मी समाधानी आहे. काळे, रबरासारखे जाड कोटिंग मी जाणूनबुजून टाळले, कारण आधीच गंज धरलेल्या पत्र्यावर ते बसवले तर ओलावा आत कोंडून राहतो आणि वरून सगळे छान दिसत असताना आतून पत्रा कुजत जातो. मेणाचा थर पातळ असतो, तो दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, पण खाली काय चालले आहे ते दिसते. आधी तारेच्या ब्रशने गंज घासून, धुऊन, दोन दिवस उन्हात पूर्ण सुकवून मगच मारला. आगोटीच्या वेळी गाडीखाली जुने ऑईल नाहीतर डिझेल मारण्याची पद्धत आमच्याकडे अजून आहे. त्याने रबराचे बुश फुगतात आणि थेंब अंगणातून झिरपत विहिरीकडे जातात, म्हणून मला ती मुळीच पसंत नाही. स्प्रे मारताना दारांच्या तळाची पाणी निघायची भोके बुजू देऊ नयेत. वायपरखालच्या जाळीतला आंब्याचा पाचोळाही महिन्यातून एकदा हाताने काढावा. तो कुजून वाट अडली की पाणी थेट पायांखालच्या गालिच्यात उतरते.

गाडीचे आच्छादन मी तीन महिन्यांत सोडून दिले. ते खाली कधी सुकत नव्हते आणि वाऱ्याने हलून त्याखालची रेती रंगावर घासत होती. चार खांबांवरचा पत्रा त्याहून बरा.

चाकरमान्यांसाठी एक सांगते, जे गाडी गावी ठेवून महिनोन् महिने मुंबईला असतात. तिकडे ओला हँडब्रेक गोठून धरतो, इकडे तो गंजून धरतो. ब्रेकच्या डिस्कवर रात्रीतून आलेली तांबूस पुटी दोन-चार वेळा ब्रेक दाबले की जाते, तिची चिंता नको. पण दीर्घकाळ ठेवताना सपाट जागी, हँडब्रेक न ओढता, पहिल्या गिअरमध्ये आणि चाकांना चिऱ्याचे तुकडे लावून गाडी उभी करावी.

या फेब्रुवारीत चिपळूणला गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा ती वर उचलून मेकॅनिकने बॅटरी मारून सगळे पोट दाखवले. पुढच्या कमानी आणि मधला भाग जसाच्या तसा आहे. मागच्या डाव्या दाराखालचा पत्रा, जो मी स्प्रे घेण्यापूर्वीच फुगू लागला होता, तो मात्र स्क्रू-ड्रायव्हर टेकवताच आत गेला. तेवढा तुकडा कापून नवा जोडायचे ठरले आहे, आणि वेल्डिंगने जवळपासचे मेण जळणार असल्याने त्या बाजूला स्प्रेचा दुसरा डबा लागेल.