पुरात भिजलेली व्हीएचएस कॅसेट, त्यातली आमच्या दुकानाची जाहिरात आणि पुण्यातलं हे दुकान : माझ्याकडून साडेचार स्टार

आधी कामाचं सांगते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. जुन्या व्हीएचएस कॅसेट पेन ड्राइव्हवर घ्यायच्या असतील आणि त्यातलं सगळं म्हणजे मधल्या जाहिराती, खालून सरकणाऱ्या पट्ट्या, सुरुवातीच्या मुंग्यासुद्धा जशाच्या तशा हव्या असतील तर बिनधास्त इथे द्या. वेळ लागतो, फोन पटकन उचलत नाहीत, पार्किंग नाही. काम मात्र असं की मी घरी जाऊन रडले.

आता सविस्तर.

आमचं घर सांगलीत गावभागात आणि काकांचं कापडाचं दुकान मारुती चौकात. आता दुकान नाही, काकाही नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे सगळ्यांनी २००५ च्या पाण्याची खूण धरली होती, भिंतीवर तेव्हाचा डाग होता त्याच्या वर सामान ठेवलं की झालं असं सगळे समजत होते. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साधारण ५४ फूट होतं, यावेळी ५७ च्या वर गेलं. त्या तीन फुटांत आमचं लोखंडी कपाट बुडालं, वरच्या कप्प्यात आजीचे फोटो होते, लग्नाचे अल्बम होते आणि तीन कॅसेट होत्या. त्यातली एक काकूनं शेवटच्या क्षणी पिशवीत टाकून वर नेली होती म्हणून कोरडी राहिली, दोन चिखलात गेल्या. फोटो तर हातात घेतले की रंग बोटाला येत होता. कॅसेट मात्र काकूनं टाकून दिल्या नाहीत, पुसून, सावलीत वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या, आणि अशी पाच वर्षं गेली.

पहिल्यांदा मी कोरडी कॅसेट, म्हणजे केबलवरून जाहिरातींसकट रेकॉर्ड केलेला पिक्चर, पुण्यातच दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती, नाव लिहीत नाही. त्यांनी चार दिवसांत काम करून दिलं, चित्र पण स्वच्छ होतं, पण मी घरी येऊन लावलं तर नुसता पिक्चर! अथपासून इतिपर्यंत सलग पिक्चर, मधलं काहीच नाही. विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, मॅडम मधला सगळा कचरा काढून टाकला, त्याचे एक्स्ट्रा पण घेतले नाहीत. त्याला वाटलं माझ्यावर उपकारच केले. त्याला काय माहीत, तो पिक्चर आता मोबाइलवर कुणालाही फुकट दिसतो, त्यानं जे काढून टाकलं ते या जगात फक्त त्या एका कॅसेटवर होतं.

हे ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना कळायचं नाही म्हणून थोडं लांबण लावते. आमच्याकडे टीव्ही म्हणजे आधी मुंबई दूरदर्शन, संध्याकाळी आमची माती आमची माणसं, मग मराठी बातम्या, रविवारी साप्ताहिकी ज्यात पुढच्या आठवड्यात काय काय लागणार ते सांगायचे आणि ते आई कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहून ठेवायची. त्यातल्या जाहिराती आम्हाला पाठ होत्या पण त्या लांबच्या होत्या, निरमाची बाई काय आणि विकोची नवरी काय, आपल्या गल्लीतली नव्हती. मग १९९२-९३ च्या सुमारास गल्लीत केबल आली, गच्चीवरून गच्चीवर काळी वायर गेली. केबलवाला रोज रात्री साडेनवाला त्याच्या खोलीतल्या व्हीसीआरवर पिक्चर लावायचा, आणि त्या पिक्चरच्या खालून निळी पट्टी सरकायची. त्या पट्टीत आमचं अख्खं गाव असायचं. टायपिंग क्लास, इंग्रजी ४० मराठी ३०. हप्त्यावर फ्रिज. मोफत नेत्रतपासणी. अमक्याच्या मुलाचं दहावीला पहिला आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक म्हणून मित्रमंडळाची नावं. एकदा आमच्याच मागच्या बोळातले आजोबा हरवले होते, पांढरं धोतर, काळी टोपी, कानाने कमी ऐकू येतं, असं तीन दिवस पट्टीत फिरत होतं, आणि मिरजेच्या कुणीतरी ते वाचून त्यांना स्टेशनवरनं रिक्षात घालून आणलं. पिक्चरमध्ये हिरो मार खातोय आणि आमच्या घरातले सगळे खाली पट्टी वाचतायत, असंच चालायचं.

आणि इंटर्व्हलला चालत्या जाहिराती. त्या लग्नाचं शूटिंग करणाराच करायचा, खांद्यावरचा तो मोठा कॅमेरा आणि डोळे दिपवणारा सनगन नावाचा दिवा घेऊन. आवाज बहुतेक वेळा एकाच माणसाचा असायचा, भांड्याच्या दुकानाला तोच, चष्म्याच्या दुकानाला तोच, भडंगलाही तोच, आणि काय आवाज होता! आमच्याकडे आकाशवाणीचं केंद्र १९६३ पासून आहे त्यामुळे गावाला चांगल्या आवाजाचा कान होता असं मला वाटतं, गणपतीत, नाट्यगृहात सूत्रसंचालन करणारी माणसं शब्द नीट उच्चारायची. जाहिरातीतही 'लग्नाचा बस्ता' म्हणताना तो असा काही थांबायचा की ऐकणाऱ्याला आपल्याच घरात लग्न निघाल्यासारखं वाटायचं.

१९९४ च्या दिवाळीला काकांनी आपल्या दुकानाची जाहिरात केली. मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री सगळ्या गाद्यांच्या चादरी धुऊन पांढऱ्याशुभ्र केल्या, कापडाची ठाणं रंगाप्रमाणं लावली, काकांनी नवीन सफारी शिवली. गिऱ्हाईक म्हणून कुणाला बसवायचं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी आजी बसली. आजीला नऊवारीत नथ घालून गादीवर बसवलं, दिवाणजी साड्या उलगडतायत आणि ती पसंत करतीय असं दाखवायचं होतं. मी आणि चुलतभाऊ सनगनच्या वायरीवर पाय पडू नये म्हणून बाहेर पायरीवर उभे. लागायची त्या रात्री शेजारची दहा-पंधरा माणसं आमच्या खोलीत, काकांनी मित्राचा व्हीसीआर मागून आणला आणि पिक्चरसकट सगळं रेकॉर्ड केलं. तीच कॅसेट चिखलात गेली होती.

या दुकानाचं नाव एका मैत्रिणीनं सांगितलं. पेठेत आतल्या बोळात आहे, जिना चढून पहिला मजला. दुकान म्हणजे एक खोली, भिंतीला लागून सात-आठ व्हीसीआर एकावर एक. दुकानाचे मालक साठीच्या पुढचे, बरोबर त्यांची मुलगी. मी पिशवीतनं कॅसेट काढली तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ताई, पाण्यातनं काढल्यावर मशीनमध्ये घातली होती का? म्हणलं नाही. म्हणाले, मग आशा आहे. हे लिहून ठेवा सगळ्यांनी, भिजलेली किंवा बुरशी आलेली कॅसेट बघू तर चालतीय का म्हणून कधीही व्हीसीआरमध्ये घालायची नाही, टेपही फाटते आणि मशीनच्या हेडलाही घाण लागते, मग पुढची चांगली कॅसेट पण त्यात खराब होते.

त्यांनी माझ्यासमोर कॅसेट उलटी करून खालचे पाच स्क्रू काढले आणि उघडली. आत दोन रीळ, आणि रिळांच्या कडेला नदीचा चिखल वाळून बसलेला, वर पांढरी बुरशी. मला वाटलं संपलं. ते म्हणाले घाबरू नका, टेप घट्ट गुंडाळलेली आहे म्हणून पाणी आतपर्यंत फार शिरत नाही, कडा खराब होतात, चित्र बहुतेक मध्ये असतं. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या वर टेप असते आणि ती सगळी हातानं हळूहळू फिरवत, स्पिरिटसारखं एक द्रावण लावलेल्या मऊ कापडातनं काढायची, मग दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात ते रीळ बसवायचे आणि मगच चालवायची. चालवणं पण एकदाच मिळेल असं समजून करतात. कॅसेट तीन तासांची असली तर उतरवायला तीन तासच लागतात, त्यात पळवापळवी करता येत नाही. मध्ये एक यंत्र लावतात त्यानं चित्राचं थरथरणं आणि वाकडं होणं कमी होतं, माझ्या दोन्ही फाइल शेजारी शेजारी लावून बघितल्या, आधीच्या ठिकाणच्या कोरड्या कॅसेटपेक्षा ही चिखलातली जास्त स्थिर आहे, शपथेवर सांगते.

मी मात्र एकच गोष्ट दहा वेळा बजावली, काही कापू नका. त्यांची मुलगी हसली नाही की वैतागली नाही, वहीत माझ्या नावापुढे लिहिलं 'काहीही कापायचं नाही' आणि खाली रेघ मारली. मालक म्हणाले, पिक्चर कुणाला पाहिजेत ताई, मी तर लोकांना सांगतो जाहिराती ठेवा, बारशाच्या कॅसेटमध्ये मागे टीव्ही चालू असेल तर तो पण ठेवा. तिथंच मला कळलं की बरोबर जागी आलेय.

आता तक्रारी. दहा दिवस सांगितले आणि चोवीस लागले. मधे मी फोन केले तर तीनातला एक उचलला. उशिराचं कारण खरं होतं, एक व्हीसीआर बंद पडला होता आणि नवीन मशीन आता कुठे बनतच नाही, जपानमधली शेवटची कंपनी २०१६ ला थांबली, त्यामुळे जुनी मशीन आणून त्यांचे भाग काढून दुरुस्त करावं लागतं. कारण पटलं, पण एक मेसेज टाकला असता तर माझा जीव टांगणीला लागला नसता. पैसे साध्या कॅसेटला ३५० आणि या भिजलेलीला सफाईसकट ९००, मला महाग वाटले नाहीत. शेवटच्या वीस मिनिटांत आवाजात घरघर आहे, आणि दुसरी भिजलेली कॅसेट निम्मीच निघाली. तेही त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि जेवढी निघाली तेवढ्याचेच पैसे घेतले.

पेन ड्राइव्ह घेऊन मी तशीच सांगलीला गेले, काकूबरोबरच बघायचं ठरवलं होतं. एक तास सात मिनिटांनी इंटर्व्हल. आधी भडंग, मग चष्म्याचं दुकान, मग कडेला थोड्या पांढऱ्या रेघा, आणि आमचं दुकान. पाटी, खाली पाच आकडी फोन नंबर. पांढऱ्या गाद्या. काका सफारीत हात जोडून उभे, आत्ता माझं वय आहे त्याहूनही लहान. दिवाणजींनी हात लांब करून साडी उलगडली ती सरळ कॅमेऱ्यावर आली, हे मला आठवतच नव्हतं. वर तो आवाज, शालू, पैठणी, इरकल, सुटिंग शर्टिंग. आणि आजी. आजीचा आमच्याकडे एकही हलता चित्रपट नाही हो, फोटोही पुरात गेले. ती गादीवर बसलीय, मान वाकडी करून पदर बघतीय, बोटांनी पोत चोळून बघतीय जसं ती नेहमी करायची, आणि काहीतरी बोलतीय. वर गाणं आणि तो आवाज असल्यामुळे तिचं बोलणं ऐकू येत नाही.

मी म्हणलं, काय बोलतीय गं ती? काकूनं मला मागं न्यायला लावलं, चार वेळा बघितलं, आणि म्हणाली, "अगं ती म्हणतीय हे नको, ते निळं काढ की. तिला खरंच घ्यायची होती ती साडी. शूटिंग झाल्यावर उठायलाच तयार नव्हती, म्हणली ते निळं बांधून द्या, मग तुझ्या काकांनी दिवाणजींना सांगून दिलं बांधून." एवढं बोलून काकू आत गेली. पुराच्या वेळी पिशवीत कॅसेटबरोबर तिनं आणखी एक पुडकं कोंबलं होतं, ते घेऊन बाहेर आली. निळं इरकल, काठाला थोडं विरलंय.

त्यानंतर कोरडी कॅसेट पण मी इथेच परत करून घेतली, या वेळी पट्ट्यांसकट. त्यात अभिनंदनाच्या यादीत माझ्या चुलतभावाचं नाव सापडलं, आडनाव चुकलंय.

जाणाऱ्यांसाठी : शुक्रवारी बंद. दुपारी एक ते चार जाऊ नका. गाडी लांब लावून चालत जा. कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून नेऊ नका, कागदात न्या. आणि वहीत आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचून मगच जिना उतरा.